राउटरवर क्यू आणि पोलिसर: छोट्या ऑफिसचं नेटवर्क सांभाळणाऱ्या नवख्यांसाठी

दांडिया बाजार, रावपुरा, अलकापुरी, बडोद्यातल्या कुठल्याही सीएच्या ऑफिसात महिन्याच्या १९-२० तारखेला डोकावून बघा. जीएसटीआर-३बीची मुदत तोंडावर आलेली, पोर्टल उघडता उघडत नाही, आयपी फोनवर समोरच्याचा आवाज तुटतोय आणि जो तो म्हणतोय, ‘नेट धीमुं चाले छे.’ मग केबलवाल्याला फोन जातो. तो पन्नास एमबीपीएसचा प्लॅन शंभरचा करून देतो. चार दिवस बरं वाटतं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच रडगाणं.

अशी ऑफिसं, क्लासेस, दवाखाने सांभाळायला ज्यांनी नुकतीच सुरुवात केली आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरणं मायक्रोटिकच्या राउटरवरची आहेत, विनबॉक्समधून, म्हणजे त्याच्या सेटिंग बदलायच्या प्रोग्राममधून, केलेली. सिस्को किंवा ओपनडब्ल्यूआरटी असेल तर मेनू वेगळे, पण हिशेब हाच. माझं म्हणणं थोडक्यात असं: अशा ठिकाणी लाइन क्वचितच कमी पडते, पॅकेटची, म्हणजे डेटाच्या तुकड्यांची, रांग (क्यू) भलत्या जागी लागलेली असते. ती आपल्या राउटरवर ओढून आणली की बरंचसं काम झालं. प्राधान्य, डीएससीपी (पॅकेटवरचा प्राधान्याचा शिक्का), पोलिसर (मर्यादेबाहेरची पॅकेट टाकून देणारा पहारेकरी) हे सगळं त्यानंतर, आणि गरज पडली तरच.

आधी मोजा

एका कॉम्प्युटरला थेट केबल लावा. वायफायवर मोजू नका, हवेतली गडबड आकड्यांत मिसळते. कमांड प्रॉम्प्टवर गूगलच्या ८.८.८.८ला सतत पिंग (पॅकेट जाऊन उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी कमांड) चालू ठेवा. लाइन रिकामी असताना किती मिलिसेकंद येतात ते कागदावर टिपा. आता दुसऱ्या कॉम्प्युटरवरून एखादी मोठी फाइल गूगल ड्राइव्हवर चढवायला लावा आणि पिंगच्या खिडकीकडे बघत राहा. आठ-दहा मिलिसेकंदांवर असलेला आकडा तीनशे-चारशेवर गेला, तर दुखणं सापडलं. नंतर हीच चाचणी डाऊनलोड लावून करा. अपलोड आणि डाऊनलोड दोन्ही वेगवेगळे तपासायचे, कारण बहुतेक वेळा त्रास अपलोडकडून असतो आणि लोक तक्रार डाऊनलोडची करतात. बॅकअप, सीसीटीव्हीचं क्लाउड रेकॉर्डिंग, व्हॉट्सॲपवर चढणारे फोटो, हे सगळं अपलोडच.

पिंग का फुगतो? तुमच्या राउटरचा पोर्ट १ जीबीपीएसचा, पुढे लाइन समजा २० एमबीपीएस अपलोडची. राउटर पॅकेट भराभर पुढे ढकलतो आणि ती पुढच्या मोडेममध्ये किंवा ओएनटीमध्ये, म्हणजे फायबरच्या डब्यात, साठतात. त्या डब्यात १ एमबीचा बफर असेल तर त्यात ८० लाख बिट मावतात. २० एमबीपीएसने तो रिकामा व्हायला ४०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे नवीन आलेलं प्रत्येक पॅकेट, मग ते फोनवरच्या आवाजाचं का असेना, ४०० मिलिसेकंद ताटकळणार. आयटीयू या दूरसंचाराची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या जी.११४ शिफारशीप्रमाणे बोलण्यासाठी एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत हवा. आवाज का तुटतो ते इथेच कळतं. या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात. लाइनचा वेग वाढवला तर तोच बफर लवकर रिकामा होतो, म्हणून चार दिवस बरं वाटतं. मग बॅकअपचं सॉफ्टवेअरही तेवढ्याच उत्साहाने नवा वेग खाऊन टाकतं.

ओएनटीतल्या रांगेवर आपला ताबा नाही. त्यात कुठलं पॅकेट आधी सोडायचं हे आपण सांगू शकत नाही. मग ती भरूच द्यायची नाही: आपल्या राउटरवर लाइनच्या वेगापेक्षा थोडी कमी मर्यादा घालायची, म्हणजे पॅकेट आपल्याकडेच थांबतील. त्यांची शिस्त मग आपल्या हातात.

क्यू लावणं

काहीही बदलण्याआधी फाइल्समध्ये जाऊन बॅकअप घ्या आणि तो स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवून ठेवा. राउटरवरच राहिलेल्या बॅकअपचा राउटर मेल्यावर काय उपयोग? त्यानंतर विनबॉक्समध्ये वरच्या बाजूला सेफ मोडचं बटण आहे, ते दाबा. काम चालू असताना तुमचं कनेक्शन तुटलं तर राउटर सेफ मोडनंतर केलेले बदल आपणहून मागे घेतो. लांबच्या ऑफिसचा राउटर घरून बदलत असाल तर सेफ मोडशिवाय हात लावू नका. काम नीट झालं की बटण पुन्हा दाबून सेफ मोड बंद करा, नाहीतर विनबॉक्स अचानक बंद पडला की केलेलं सगळं पुसलं जाईल.

आता फास्टट्रॅक. ही गोष्ट नवख्यांना हमखास चकवते. मायक्रोटिकच्या मूळ कॉन्फिगरेशनमध्ये आयपी, फायरवॉल, फिल्टर रूल्समध्ये फॉरवर्ड चेनवर फास्टट्रॅकचा एक नियम असतो. सुरू झालेली कनेक्शनं तो आडवाटेने पुढे काढतो, वेग वाढतो, सीपीयूवरचा भार घटतो. पण ती पॅकेट सिंपल क्यूला शिवतही नाहीत. तुम्ही क्यू लावता, आकडे भरता आणि काहीच फरक पडत नाही. तो नियम डिसेबल करा आणि नंतर राउटर एकदा रिबूट करा, कारण आधीच फास्टट्रॅकवर गेलेली कनेक्शनं तुटेपर्यंत तशीच चालतात.

पुढचा टप्पा क्यूचा प्रकार. क्यूज, क्यू टाइप्समध्ये जाऊन अधिकचं चिन्ह दाबा, काइंडमध्ये एफक्यू-कोडेल निवडा आणि ओळखू येईल असं नाव द्या. आतले आकडे आहेत तसेच राहू द्या: टार्गेट ५ मिलिसेकंद, इंटरव्हल १०० मिलिसेकंद, फ्लो १०२४. कोडेल ही पद्धत कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२मध्ये मांडली. रांग किती लांब आहे याकडे ती बघत नाही, पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते बघते. थांबणं सतत ५ मिलिसेकंदांच्या वर राहिलं की एखादं पॅकेट टाकून देते आणि पाठवणाऱ्याला ‘जरा हळू’ असा इशारा मिळतो. एफक्यूमुळे प्रत्येक कनेक्शनला जवळपास वेगळी रांग मिळते, म्हणून बॅकअपच्या हजार पॅकेटांमागे फोनचं एकुलतं एक पॅकेट अडकत नाही. हा प्रकार राउटरओएसच्या ७व्या आवृत्तीपासून आहे. ऑफिसातला राउटर अजून ६वर असेल आणि अपग्रेड करता येत नसेल, तर एसएफक्यू या जुन्या प्रकारावर भागवा. अगदी तेवढं सुख मिळणार नाही, पण मूळच्या साध्या रांगेपेक्षा बरं.

आता सिंपल क्यूज. नवीन क्यूमध्ये टार्गेटला ऑफिसचं नेटवर्क द्या, समजा १९२.१६८.१०.०/२४. डीएसटीमध्ये (डेस्टिनेशन, म्हणजे रहदारी कुठे जाते ते) बाहेर जाणारा इंटरफेस निवडा. पीपीपीओई (नाव-पासवर्डने जोडली जाणारी लाइन) असेल तर पीपीपीओईचाच, त्याखालचा ईथर पोर्ट नको. डीएसटी रिकामं ठेवलं तर दुसऱ्या व्हीलॅनमधल्या (त्याच वायरिंगवर वेगळ्या काढलेल्या नेटवर्कमधल्या) नॅसकडे, म्हणजे फाइली साठवायच्या डब्याकडे, जाणाऱ्या फाइलींवरही हीच मर्यादा बसते आणि अकाउंट्सवाले तुमच्या नावाने बोटं मोडतात. मॅक्स लिमिटला दोन खाने आहेत, अपलोड आणि डाऊनलोड. वीस आणि शंभरची लाइन असेल तर १८ आणि ९० एमबीपीएसपासून सुरू करा. हा आकडा प्लॅनवर छापलेल्या वेगाचा काढायचा नाही. गर्दीच्या वेळी प्रत्यक्ष मोजून जो वेग सातत्याने मिळतो त्याचा ९० टक्के घ्या. संध्याकाळी लाइन ७०वर येत असेल तर ९०ची मर्यादा असून नसल्यासारखी, रांग पुन्हा बाहेर गेलीच म्हणून समजा. शेवटी ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये क्यू टाइपच्या दोन्ही खान्यांत मघाचा एफक्यू-कोडेल निवडा आणि ॲप्लाय करा.

आता पुन्हा तीच पिंगची चाचणी. अपलोड चालू असताना आकडा रिकाम्या लाइनपेक्षा थोडाच वर राहिला तर जमलं. अजून शंभरावर उडत असेल तर मर्यादा एक-एक एमबीपीएसने खाली आणत जा. उलट पिंग शांत असेल तर हळूहळू वर नेऊन बघा. क्यूच्या यादीत डाव्या बाजूच्या चिन्हाचा रंगही बघा: वापर मर्यादेच्या ५० टक्क्यांपर्यंत हिरवा, ७५पर्यंत पिवळा, त्यावर लाल. भरपूर वापर चालू असूनही चिन्ह हिरवंच असेल तर रहदारी क्यूमधून जातच नाहीये. तेव्हा फास्टट्रॅक आणि टार्गेट पुन्हा तपासा.

डाऊनलोडबद्दल एक शंका हुशार पोरं विचारतातच: पॅकेट लाइन ओलांडून आपल्यापर्यंत आलं, मग ते थांबवून काय मिळणार? ते पॅकेट आधीच आलेलं असतं हे खरं. पण ते उशिरा सोडलं किंवा टाकलं की पाठवणारा सर्व्हर आपला वेग घटवतो आणि पुढची रांग तुमच्या बाजूला तयार होते. टीसीपी तसं वागतो, क्विकही तसं वागतो (दोन्ही डेटा पोचवायच्या पद्धती). म्हणून डाऊनलोडची मर्यादा अपलोडइतकी चोख बसत नाही, तिथे मर्यादा थोडी आणखी खाली ठेवा.

खरं सांगायचं तर वीस-पंचवीस माणसांच्या ऑफिसला बहुतेक वेळा एवढंच पुरतं. इथे थांबायला लाजू नका. आठ प्राधान्यांची आणि चाळीस मँगल (पॅकेटवर खूण करणाऱ्या) नियमांची उतरंड रचून ठेवलेले राउटर मी पाहिले आहेत, आणि त्यातला कुठला नियम कशासाठी होता हे मालकालाही माहीत नसतं आणि लावणाऱ्यालाही आठवत नसतं.

फोनसाठी वेगळी वाट

आयपी फोन असतील आणि आवाज तरीही कुरकुरत असेल, तर फोनला वेगळा वर्ग द्या. आधी हिशेब करा. जी.७११ कोडेकमध्ये (आवाज आकड्यांत बदलायच्या पद्धतीत) २० मिलिसेकंदांचं एक पॅकेट, आवाजाचे १६० बाइट आणि आयपी, यूडीपी, आरटीपी या वेष्टनांचे ४० बाइट. सेकंदाला अशी ५० पॅकेट, म्हणजे ८० केबीपीएस. ईथरनेटचे १८ बाइट धरले तर ८७.२. दहा कॉल एकाच वेळी चालले तरी एका दिशेला ९०० केबीपीएसच्या आत. फोनला लाइनचा मोठा वाटा लागत नाही. लागतं ते वेळेवर सुटणं.

फोन वेगळ्या व्हीलॅनमध्ये असतील तर काम सोपं होतं, समजा १९२.१६८.२०.०/२४. वरच्या मुख्य क्यूच्या टार्गेटमध्ये हेही नेटवर्क जोडा. मग दोन पोटक्यू करा आणि दोघांच्या पेरेंटमध्ये मुख्य क्यू निवडा. फोनच्या क्यूला लिमिट ॲट दोन्हीकडे १.५ एमबीपीएस, मॅक्स लिमिट ३ एमबीपीएस, प्रायॉरिटी १. बाकी ऑफिसच्या क्यूला लिमिट ॲट १० आणि ५०, मॅक्स लिमिट १८ आणि ९०, प्रायॉरिटी ८. मायक्रोटिकवर १ म्हणजे सर्वात वरचं, ८ म्हणजे सर्वात खालचं.

लिमिट ॲट ही हमी आहे, मॅक्स लिमिट हे छत. सगळ्या पोटक्यूंच्या लिमिट ॲटची बेरीज मुख्य क्यूच्या मॅक्स लिमिटपेक्षा कमी ठेवा. हमी काहीही झालं तरी पाळली जाते, त्यामुळे बेरीज वर गेली तर मुख्य मर्यादाच मोडते आणि रांग पुन्हा ओएनटीत. प्रायॉरिटी लागू होते ती फक्त सर्वात खालच्या क्यूंना. मुख्य क्यूवर १ लिहून काही घडत नाही. क्यू टाइपचंही तसंच: पोटक्यू केल्यावर एफक्यू-कोडेल मुख्य क्यूवर राहून उपयोग नाही, तो बाकी ऑफिसच्या पोटक्यूवर लावा.

फोनच्या क्यूला छत का, असं कुणी विचारेल. वरच्या प्राधान्याला लगाम नसेल तर एखादा बिघडलेला फोन किंवा त्या व्हीलॅनमध्ये कुणी हळूच लावलेला लॅपटॉप सगळ्या ऑफिसला उपाशी ठेवू शकतो. सिस्कोच्या एलएलक्यू या प्राधान्याच्या रांगेत म्हणूनच प्रायॉरिटी वर्गाला गर्दीच्या वेळी आतूनच पोलिसर लागतो, आणि असे सगळे वर्ग मिळून लाइनच्या ३३ टक्क्यांवर जाऊ देऊ नका असं ते सांगतात. ‘साहेबांचा लॅपटॉप प्रायॉरिटीत टाका’ अशी फर्माईश येईलच. हसून विषय बदलायचा.

डीएससीपीचा विचार ऑफिसच्या आतपुरता करा. बरेच आयपी फोन आवाजाच्या पॅकेटवर ईएफ, म्हणजे ४६ असा शिक्का मारून पाठवतात, आणि स्विचला तो शिक्का मानायला सांगता येतं. इंटरनेटवर गेल्यावर त्याला कुणी भाव देईल यावर विसंबू नका. पाहुण्यांच्या नेटवर्कमधून आलेला शिक्का तर पुसूनच टाका. ४६ कुणीही लिहू शकतो.

पोलिसर

क्यू जास्तीची पॅकेट थांबवते. पोलिसर थांबवत नाही, मर्यादा ओलांडली की पॅकेट टाकून देतो, नाहीतर शिक्का बदलून खालच्या दर्जात ढकलतो. त्यामुळे पोलिसरमुळे उशीर वाढत नाही, नुकसान वाढतं. माझ्या मते छोट्या ऑफिसात पोलिसर दोनच ठिकाणी शोभतो: पाहुण्यांच्या वायफायवर, आणि राउटरच्या स्वतःच्या पत्त्यावर येणाऱ्या पिंगसारख्या गोष्टींवर.

पोलिसर टोकनवर चालतो. ठरलेल्या वेगाने बादलीत टोकन पडत राहतात, प्रत्येक पॅकेट आपल्या आकाराएवढी टोकन घेऊन पुढे जातं, बादली रिकामी असेल तर पॅकेट गेलं. वेग किती ठेवायचा हे सगळेच विचार करून लिहितात. बादलीचा आकार, म्हणजे बर्स्ट, मात्र अंदाजपंचे टाकला जातो, आणि सगळी भानगड तिथेच होते. पाहुण्यांना ५ एमबीपीएस दिलेत आणि बर्स्ट ८००० बाइट लिहिलात असं धरा. १५०० बाइटची पाच पॅकेट लागोपाठ आली की बादली संपली. टीसीपी तर पॅकेट झुंडीनेच पाठवतो. प्रत्येक झुंडीतली निम्मी पॅकेट गळतात, टीसीपी घाबरून वेग अर्ध्यावर आणतो, पुन्हा वाढवतो, पुन्हा मार खातो. पाहुण्याला ५ सोडाच, दोनही धड मिळत नाहीत.

बर्स्ट काढायचं सोपं गणित: वेग गुणिले वेळ, भागिले आठ. पाव सेकंद धरला तर ५० लाख गुणिले ०.२५ भागिले ८, म्हणजे १,५६,२५० बाइट. सिस्कोच्या पोलिस कमांडमध्ये बर्स्ट लिहिला नाही तर साधारण हाच पाव सेकंद धरला जातो. त्यांच्या जुन्या सीएआर पद्धतीसाठी तर दीड सेकंदाचा बर्स्ट सुचवलेला होता. पाव सेकंदापासून सुरू करा, डाऊनलोड दातेरी वाटलं तर वाढवा.

मायक्रोटिकवर पोलिसर नावाचा वेगळा मेनू नाही. पाहुण्यांच्या नेटवर्कला वेगळी सिंपल क्यू, मॅक्स लिमिट ५ आणि ५, क्यू टाइपमध्ये मुद्दाम छोटी पीफिफो (आधी आलेलं आधी सुटणारी) रांग, एवढं केलं की वागणूक पोलिसरच्या जवळ जाते. टोकनच्या बादलीसाठी बकेट साइझ हा खाना आहे. त्यातला ०.१ म्हणजे मॅक्स लिमिटच्या एक दशांश सेकंदाएवढी टोकन. या पाहुण्यांच्या क्यूलाही मुख्य क्यूखालीच ठेवा. बाहेर ठेवली तर तिचे ५ एमबीपीएस मुख्य हिशेबात धरले जात नाहीत.

पोलिसरशी तुमची खरी गाठ पडते ती मात्र दुसऱ्याच्या दारात. लीज्ड लाइन घेतलेल्या ऑफिसात प्रोव्हायडर आपल्या बाजूला पोलिसर लावून बसलेला असू शकतो: २०ची लाइन, २०च्या वरचं पॅकेट टाकून द्या. तुमचा राउटर १ जीबीपीएसच्या पोर्टवरून झुंडी सोडतो, सरासरी १२ एमबीपीएस असली तरी क्षणभर वेग वर जातो आणि पॅकेट गळतात. ग्राफवर लाइन अर्धी रिकामी दिसते आणि वापरणारे मात्र कुरकुरत असतात. अशा वेळी प्रोव्हायडरशी हुज्जत घालण्याआधी त्याचा सीआयआर (कबूल केलेला वेग) आणि बर्स्ट विचारून घ्या, आणि आपली अपलोड क्यू सीआयआरच्या जरा खाली बांधा. झुंडी तुमच्याच राउटरवर सपाट होतात आणि तिकडचा पोलिसर गप्प बसतो.

दोन गोष्टी जाता जाता. फास्टट्रॅक बंद केल्यावर टूल्समधल्या प्रोफाइलमध्ये सीपीयू बघा. छोट्या राउटरवर मोठी लाइन असेल तर सीपीयू शंभराला टेकतो, आणि मग क्यूचं कितीही छान गणित मांडा, तो डबाच अडथळा ठरतो. दुसरं, पिंग केबलवर शांत आणि वायफायवर उड्या मारत असेल तर राउटरला दोष देऊ नका. चॅनल बदला, नाहीतर ॲक्सेस पॉइंटची जागा बदला.

आणि बडोद्यातल्या ऑफिसांसाठी खास: उत्तरायणाच्या दिवसांत पतंगांच्या दोऱ्यांनी छपरांवरच्या केबलींची वाट लागते, लाइन तुटते आणि ऑफिस ४जीच्या डोंगलवर चालू लागतं. मुख्य क्यूचं डीएसटी जुन्या इंटरफेसवरच असतं, म्हणून डोंगलवरची रहदारी कुठल्याच मर्यादेत नसते आणि पिंग पुन्हा हजारावर. बॅकअप लाइनसाठी तिच्या इंटरफेसचं डीएसटी घालून दुसरी मुख्य क्यू आधीच तयार ठेवा. डोंगलचा मोजलेला वेग घ्या आणि त्यावर ९०ऐवजी ७० टक्क्यांची मर्यादा घाला, कारण मोबाइलचा वेग तासातासाला बदलतो. फोनची पोटक्यू तिच्याखालीही बनवा. पाहुण्यांना त्या दिवशी अर्धा एमबीपीएस पुरे. सगळं झालं की डिसेंबरातच एकदा ऑफिस सुटल्यावर मुख्य लाइनची केबल हाताने काढा, पिंग लावा आणि दुसरी क्यू लाल होतेय का ते बघून घ्या.